फायलीतली मधली पानं

नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवलं. कर्ज फिटत नाही, हंगाम हातचा गेला आहे, तेव्हा सरकारनंच आमचे अवयव विकत घ्यावेत, अशी त्यात मागणी होती. कोणत्या अवयवाची किंमत किती, हेही पत्रातच लिहिलं होतं. बघता बघता हिंगोली जिल्ह्याचं नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं. पत्र लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तहसीलमध्ये दिलेला अर्ज आवक नोंदवहीत चढतो आणि तिथंच राहतो. तीच तक्रार कॅमेऱ्याला दिसेल अशी मांडली, तर ती मंत्रालयापर्यंत जाते. नाइलाजानं उभं केलेलं ते नाट्य होतं, आणि त्यामागचं दुखणं खरं होतं. पण वाहिन्यांनी त्यातून काय उचललं? मूत्रपिंडाचा भाव. त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला होता. तेव्हा पीक गेल्यावर बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागायचं. पंचनाम्याला कोण येतं, कधी येतं, काय लिहून नेतं, बँकेत कर्जाचं नवं-जुनं झालं नाही की पुढचं पीककर्ज कसं अडतं, हे सगळं गोरेगावच्या माणसांना तोंडपाठ होतं. पडद्यावर त्यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. अवयवांचं पत्र त्या चक्राच्या शेवटच्या टोकाला लिहिलं गेलं होतं, आणि फिरलं ते फक्त ते टोक.

न्यायासाठीच्या खऱ्या लढ्यांवर बेतलेले चित्रपट आणि मालिका पाहताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. आपल्याकडे अशा कलाकृतींची पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं जोरकस असतात. सुरुवातीला अत्याचार, शेवटी निकाल. मध्ये नायक वकील किंवा नायिका पत्रकार. अन्याय जिथं प्रत्यक्ष घडतो आणि लढा जिथं प्रत्यक्ष लढला जातो, ती फायलीतली मधली पानं मात्र भरभर उलटली जातात. फिर्याद नोंदवून घेताना ठाणे अंमलदार काय गाळतो, कोणतं कलम लावलं जात नाही, चौकशीचा अहवाल कुणाच्या टेबलावर थांबतो, तारीख का पडते, यांवर कॅमेरा थांबत नाही. न्यायनाट्याची किंमत ते किती रडवतं यावर ठरू नये. यंत्रणा कशी चालते हे ते किती नेमकं दाखवतं, यावर ठरावी. हा कलेच्या शुद्धतेचा आग्रह नाही. पडद्यावरच्या कथेमुळे कायदा हलला, निर्दोष माणसं सुटली, अशी जी थोडी उदाहरणं जगात आहेत, त्यांत ताकद आली ती या मधल्या पानांतून.

ब्रिटनमधलं टपाल खात्याचं प्रकरण त्यातलं सगळ्यात ठळक. १९९९ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसनं शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली. प्रणालीतल्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली आणि ती भरून द्या, नाहीतर चोरीचा खटला, असा धाक शाखाचालकांना घातला गेला. २०१५ पर्यंत नऊशेंहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. त्यांतले सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसनं स्वतःच चालवले होते. भारतीय वंशाची अनेक कुटुंबंही त्यात भरडली गेली. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, यातलं काहीच गुपित नव्हतं. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकानं २००९ मध्ये बातमी दिली होती. माजी शाखाचालक ॲलन बेट्स आणि त्यांच्या साडेपाचशेहून जास्त सहकाऱ्यांचा दावा चालून डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं प्रणाली सदोष असल्याचा निर्वाळा दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयानं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या होत्या. तरीही बाकीचे शेकडो लोक कागदोपत्री चोरच राहिले. मग जानेवारी २०२४ च्या पहिल्या चार दिवसांत ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका आयटीव्हीवर दाखवली गेली. माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांनी सरकारी सन्मान परत केला आणि २४ मे २०२४ रोजी संसदेनं केलेल्या कायद्यानं त्या शिक्षा सरसकट पुसल्या गेल्या. पंधरा वर्षांच्या बातम्या आणि न्यायालयांचे दोन मोठे निर्णय जे करू शकले नाहीत, ते चार रात्रींनंतर पाच महिन्यांच्या आत झालं.

असं का झालं, याचं सोपं उत्तर ‘लोक हेलावले’ असं दिलं जातं. ते अपुरं आहे. त्या मालिकेतला लोकांच्या मनात रुतलेला प्रसंग कुठल्याही भाषणाचा नाही. एक बाई मदतकेंद्राला फोन लावून, सांगितलेली कळ दाबते आणि पडद्यावरची तूट तिच्या डोळ्यांसमोर दुप्पट होते. मदतकेंद्राकडून जो तो एकच वाक्य ऐकतो, की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. हे वाक्य वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत पुन्हा पुन्हा ऐकू आलं की प्रेक्षकाला कुणी न सांगता कळतं की इथं एक माणूस लबाड नाही, एक पद्धत लबाड आहे. मालिका पाहून पूर्वी कधीच पुढे न आलेले डझनावारी लोक वकिलांकडे गेले. नायकाच्या दुःखानं त्यांना हलवलं असेलही, पण ते घराबाहेर पडले ते आपल्याच बाबतीत जे घडलं ते पडद्यावर ओळखू आल्यामुळे. एका माणसाची व्यथा दाखवली तर त्या माणसाबद्दल कळवळा वाटतो. पद्धत दाखवली तर तीत सापडलेल्या प्रत्येकाला साक्षीदार सापडतो.

दक्षिण कोरियाचं उदाहरणही याच अंगानं जातं. ग्वांगजू शहरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारांवर कादंबरी आली, आणि २०११ मध्ये तीवरून चित्रपट. त्यात अत्याचार भयंकर आहेतच. पण लोकांचा संताप उफाळला तो खटल्याच्या भागावर. मुलांच्या घरच्यांकडून तडजोडीच्या कागदांवर सह्या घेतल्या जातात आणि आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटतात, हे टप्प्याटप्प्यानं दिसतं. चित्रपट आल्यानंतर काही आठवड्यांतच संसदेनं कायदा बदलला, लहान मुलं आणि अपंग स्त्रिया यांच्यावरच्या अशा गुन्ह्यांना मुदतीचा अडसर काढून टाकला, आणि ती शाळा बंद झाली.

आता आपल्याकडे वळू. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला ‘जय भीम’ हा तमिळ चित्रपट मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्येही आपला म्हणून पाहिला गेला, याचं कारण नुसतं नाव नव्हे. कोठडीत माणूस मारला जातो आणि पोलीस तो पळून गेल्याचं सांगतात, ही गोष्ट इथल्या पारधी, वडार, मांग वस्त्यांना नवी नाही. चित्रपट ज्यावर बेतला आहे ते १९९३ मधलं खरं प्रकरण वकील के. चंद्रू यांनी मद्रास उच्च न्यायालयात लढवलं. पुढे ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. चित्रपटात हेबियस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असं मागणारी याचिका काय असते, ठाण्याच्या नोंदवहीतली वेळ आणि टेलिफोनची नोंद जुळत नाही तेव्हा काय होतं, हे नीट दाखवलं आहे, आणि त्याचे सगळ्यात सशक्त प्रसंग तेच आहेत. पण उत्तरार्धात कथा वकिलाच्या पराक्रमाकडे झुकत जाते आणि नवऱ्याचा शोध घेणारी गरोदर बाई, गावातले कार्यकर्ते, साक्षीसाठी उभे राहिलेले नातलग मागे सरकतात. हिंगोलीच्या एखाद्या तांड्यावर तो पाहणाऱ्या बाईला त्यातून असा वकील आपल्याला मिळाला पाहिजे एवढंच कळत असेल, तर चित्रपट अर्ध्यातच थांबला म्हणायचा. पहिल्या दिवशी कुणाला लेखी अर्ज द्यायचा, त्याची पोच कशी मागायची, शवविच्छेदन कुठं आणि कुणासमोर व्हावं असा आग्रह धरायचा, हे कळणं तिच्यासाठी जास्त मोलाचं आहे.

मराठीतलं मोठं उदाहरण खैरलांजीचं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यावर ‘खैरलांजीच्या माथ्यावर’ हा चित्रपट २०१४ मध्ये आला. क्रौर्य दाखवणं तिथं टाळता येणारं नव्हतं, आणि टाळूही नये. पण खैरलांजीचा लढा त्या संध्याकाळी संपला नव्हता, तो सुरू झाला होता. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असं म्हटलं. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि जातीचा हेतू तिथंही मान्य झाला नाही. कुटुंबातले एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्यांना पाहता आला नाही. सगळा महाराष्ट्र ज्या हत्याकांडाला जातीचं म्हणतो, त्यातली जात घटनास्थळापासून निकालपत्रापर्यंतच्या प्रवासात नेमकी कुठं गळून पडते? पहिल्या पंचनाम्यात, जबाबात, दोषारोपपत्रात की युक्तिवादात? हा प्रश्न पडद्यावर मांडला गेला असता, तर अत्याचाराची फिर्याद घेऊन ठाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाच्या तो कामी आला असता.

‘कोर्ट’ कुठल्याही एका खऱ्या खटल्यावर बेतलेला नाही, तरी खरेपणात तो बऱ्याच सत्यकथांना मागे टाकतो. २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवलेल्या आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात एका लोकशाहिरावर आरोप आहे की, त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते होते. चित्रपटात कुणी ओरडत नाही. सरकारी वकील एकसुरात कलमं वाचते, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, पंच तोच जुना पंच निघतो, तारीख पडते. पाहणाऱ्याला हळूहळू उमगतं की इथं शिक्षा निकालानं होत नाही, खटल्यानंच होते आहे.

असं दाखवलं तर लोक कंटाळतील, पैसे कोण लावणार, हा आक्षेप निर्मात्यांकडून नेहमी येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘कोर्ट’ची वाहवा जगभर झाली, पण तालुक्याच्या चित्रपटगृहांत तो किती पोचला हा प्रश्न राहतोच. तरी प्रेक्षकाला शेवटच हवा असतो, हे गृहीतक हिंगोलीत तरी टिकू नये. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा सांगणारा इथला दसरा महोत्सव रामलीलेसाठी ओळखला जातो. रावण मरणार हे मैदानावरच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. माणसं येतात ती तो कसा मरतो, आधी कुणाचं ऐकत नाही, कोण त्याला सोडून जातो, हे पाहायला. ‘कसं’ या प्रश्नात रस घेणं आपल्या प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. मराठी नाटकाची तर सुरुवातीची एक पायरीच ही आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’मध्ये एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, हे पायरीपायरीनं उलगडतं, विदूषक मध्ये मध्ये ते उघडं करत जातो आणि शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. फसवणुकीची पद्धत कळली की माणूस तिच्या बाहेर पडायची वाट शोधतो, यावर फुल्यांचा विश्वास होता. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं, हेही त्या पद्धतीचंच काम.

परभणीचं प्रकरण या सगळ्या चर्चेला इथल्या मातीवर आणतं. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, आणि आजही दोन्हीकडची सोयरीक एक आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. छत्रपती संभाजीनगरच्या शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांमुळे धक्का बसल्याचं कारण नोंदवलं गेलं. पोलिसांनी मारहाण केली नाही, अशी भूमिका मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मांडली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांवर ठपका ठेवला. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ सांगतं. चौकशी झाल्यावर पुढे काय करायचं, हे ते सांगत नाही. आईच्या याचिकेत प्रकाश आंबेडकरांनी औरंगाबाद खंडपीठासमोर नेमकं हेच भगदाड दाखवलं. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं गुन्हा नोंदवून तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायला सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथंही हरलं. मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनी जिंकली गेलेली गोष्ट कुणाची शिक्षा नव्हती. पहिली फिर्याद नोंदवण्याचा आदेश होता.

या प्रकरणावर आज चित्रपट काढावा का? काढला तर तो आरोपींना दोषी ठरवून मोकळा होईल, पुढच्या खटल्यावर दडपण येईल, साक्षीदार बिथरतील, ही शंका रास्त आहे. ब्रिटनमध्येही संसदेनं न्यायालयांच्या शिक्षा कायद्यानं पुसाव्यात का, यावर कायदेपंडितांनी गंभीर हरकती घेतल्या होत्या. पण शंकेचं बळ आहे ते गुन्हेगार शोधणाऱ्या नाट्यापुरतं. कलम १९६ पुढची रिकामी जागा दाखवायला कुठल्याही हवालदाराचं नाव लागत नाही. चौकशीचा अहवाल येतो, पाकिटात बंद राहतो, एका आईला दोनशे किलोमीटरवरच्या खंडपीठात जावं लागतं, सरकार तिच्याविरुद्ध दिल्लीपर्यंत जातं. एवढं दाखवलं तरी राज्यातल्या प्रत्येक कोठडी-मृत्यूच्या घराला आपली फाईल ओळखू येईल, आणि एकाही आरोपीच्या निर्दोषत्वाच्या हक्काला धक्का लागणार नाही.

मराठवाड्याचा आणखी एक लढा आहे, त्यात ना प्रेत आहे, ना आरोपीचा पिंजरा, म्हणून तो पडद्याला दिसत नाही. तो गायरानाचा. भूमिहीन दलित कुटुंबांनी पडीक गायरान कसून पोट भरायचं आणि ते आपल्या नावावर व्हावं म्हणून झगडायचं, ही परंपरा दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांपासूनची आहे. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं ती नेटानं चालवली. सरकारनं १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण घेतलं. मग सगळी लढाई एका पुराव्यावर आली. त्या तारखेपूर्वी जमीन तुम्ही कसत होता हे दाखवा, आणि तो पुरावा म्हणजे गाव नमुना एक-ई, अतिक्रमणांची नोंदवही. ती नोंद तलाठी घेणार. ज्या गावच्या पुढाऱ्यांना ती जमीन दलितांकडे नको असते, त्याच गावात तलाठ्याला काम करायचं असतं. उभं पीक जाळलं गेलं, जनावरं सोडली गेली, तर निदान बातमी होते. नोंद घेतली नाही, तर काहीच होत नाही, आणि वर्षं निघून जातात. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश दिले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. नोटिसा बजावताना निकालाचा पहिला भाग धरायचा आणि अपवाद विसरायचा, हे किती सहज घडू शकतं! एक बाई, एक तलाठी, एक नोंदवही आणि वीस वर्षं, एवढ्यावर चांगली मालिका उभी राहू शकते. तिच्यात नाट्य कमी पडेल असं ज्याला वाटतं, त्यानं नोंद मागायला गेलेल्या बाईला सज्जासमोर किती हंगाम ताटकळावं लागतं याचा विचार करावा.

लढ्यांवरच्या चित्रपटांत तपशील बदलले जातात, हा आक्षेप उरतो. ‘जय भीम’मध्ये बळी गेलेला माणूस इरुलर दाखवला आहे, प्रत्यक्षात तो कुरवर समाजातला होता. कथेच्या सोयीसाठी एका वंचित समाजाची वेदना दुसऱ्याच्या नावावर घालणं मला मान्य करता येत नाही, कारण लढा ज्याचा, त्याचं नाव कथेत असणं हाही न्यायाचाच भाग आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांनी मग तपशिलाचा आग्रह शेवटपर्यंत न्यावा. माणसाचं नाव, जात, गाव अचूक हवं, तर कलमाचा क्रमांक, अहवालाची तारीख, कोणत्या टप्प्यावर कोणी काय नाकारलं, हेही अचूक हवं. मधली पानं वगळणारा चित्रपट सगळी नावं खरी ठेवूनही खोटा असू शकतो.

निकालाला शेवट मानण्याची सवय मोडायला महाराष्ट्रातलंच एक प्रकरण पुरेसं आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत असं म्हणत, पुन्हा सोडलं. कायद्याच्या पुस्तकांत हे मथुरा प्रकरण. रुळलेल्या साच्यात ही हरलेली केस आहे आणि तिच्यावर चित्रपट होऊ शकत नाही. पण पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, निकालातला एकेक तर्क खोडून काढला. शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरून चालावं, अशी तरतूद आली. मूळ खटल्यातले दोघे सुटलेलेच राहिले; त्यानंतर ठाण्याची पायरी चढलेल्या बायकांसाठी मात्र पुराव्याचा नियम वेगळा झाला. हा चित्रपट ज्याला लिहायचा असेल, त्याला मध्यंतरापाशीच सर्वोच्च न्यायालयातली हार दाखवावी लागेल, आणि उत्तरार्ध चार माणसांनी टेबलाभोवती बसून एका निकालपत्राच्या एकेका परिच्छेदावर केलेल्या कामानं सुरू करावा लागेल.